बेसची मान खाली का जाते?

वाद्यांची निगा : वाचकांचे प्रश्न

नाटकांचा हंगाम जवळ आला की पेटी, ऑक्टोपॅड आणि ॲम्प्लिफायरबद्दल पत्रं येतात. या वेळी बेस गिटारवाल्यांनी बाजी मारली आहे. गावं वेगळी, वाद्यं वेगळी, पण तक्रार एकच : बेस गळ्यात अडकवला की हेडस्टॉक, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्यांचं टोक, जमिनीकडे धाव घेतो. म्हणून या अंकातली सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : आमच्या नाटक मंडळात चार तारांचा बेस आहे. हात सोडला का मुंडकं खाली जाते. रातभर डाव्या हातानं नेक उचलून धरा लागते, पहाटेपर्यंत मनगट भरून येते. दुकानदार म्हणते, सवय होईल. हे खरंच सवयीचं काम आहे का जी?
— वाचक, वडसा (जि. गडचिरोली)

सवय होईल, पण ती चुकीची सवय असेल. डाव्या हाताचं काम तार दाबणं आणि पट्टीवर वर-खाली सरकणं. त्याच हाताने नेकचं, म्हणजे लांब मानेचं, ओझंही पेललं तर अंगठा नेकमागे घट्ट चिकटून राहतो, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला उशीर होतो आणि मनगट वाकलेलंच राहतं. झाडीपट्टीतल्या नाटकासारखं रात्रभर वाजवायचं असेल तर हे दुखणं वाढत जाणार. बोटांना मुंग्या येत असतील आणि त्या दुसऱ्या दिवशीही जात नसतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

खर्च करण्याआधी बेसचा तोल नेमका कुठे आहे ते शोधा. टेबलावर जाड टॉवेल अंथरा, त्यावर लाटणं आडवं ठेवा आणि बेस पाठीवर निजवून लाटण्यावर हळूहळू पुढे-मागे सरकवा. दुसऱ्या माणसाने दोन्ही टोकांखाली हात धरून राहायचं. बेस ज्या जागी कुठल्याच बाजूला कलत नाही, तिथे कागदी चिकटपट्टीची खूण करा. आता तारांच्या दिशेने दोन अंतरं मोजा : वरच्या शिंगावरच्या (बॉडीच्या पुढे आलेल्या टोकावरच्या) पट्ट्याच्या बटणापासून या खुणेपर्यंत, आणि वरच्या बटणापासून शेपटाकडच्या बटणापर्यंत.

खूण दोन बटणांच्या बरोबर मध्ये किंवा त्याहून ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाकडे) असेल, तर बेस कुठल्याही पट्ट्यावर सरळ राहील. असे बेस क्वचितच सापडतात. खूण वरच्या बटणाच्या रेषेवर किंवा तिच्याही पुढे, हेडस्टॉककडे असेल, तर नुसता पट्टा बदलून भागणार नाही; पुढची उत्तरं वाचा. बहुतेक बेसची खूण या दोन्हींच्या अधेमधे पडते आणि तिथे सगळा निकाल पट्ट्यावर असतो.

याचं कारण असं. गुळगुळीत पट्टा खांद्यावरून घसरत राहतो आणि दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की थांबतो. म्हणजे बेस आडवा धरलात तर तुमचा खांदा दोन बटणांच्या मधोमध येऊ पाहतो. वाद्याचं वजन मात्र त्या मध्याच्या पुढे, नेककडे असतं, म्हणून वजन खांद्याखाली येईपर्यंत नेक खाली फिरत जाते. पट्टा खांद्याला धरून राहिला तर ही घसरण होत नाही आणि वजन थोडं पुढे असलं तरी चालून जातं.

बेससोबत फुकट मिळतो तो दोन इंची नायलॉनचा पट्टा, आणि तोच या कामाला सगळ्यात वाईट. पट्टा निदान तीन इंच रुंद हवा आणि खांद्याला लागणारी बाजू खरखरीत हवी. तयार पट्टा मिळत नसेल तर चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून शिवून घ्या. अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचं म्हशीचं कातडं, गुळगुळीत बाजू बाहेर, खरखरीत बाजू आत. टोकाला बटणाच्या मानेएवढं गोल भोक आणि त्याला १० ते १२ मिलिमीटरची चीर. ही चीर भोकापासून खांद्याच्या दिशेने काढायला सांगा. पट्ट्याच्या टोकाकडे काढली तर सगळी ओढ तिच्यावरच येते, ती फाकत जाते आणि एक दिवस ऐन गाण्यात बेस सुटतो. कारागीर सवयीने उलटी काढतात, तेव्हा समोर उभं राहून काढून घ्या.

नवा पट्टा नको असेल तर जुन्या नायलॉनच्या पट्ट्याला खांद्याच्या जागी फूटभर लांबीचं खरखरीत कातडं आतून शिवून घ्या. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही पकड देतो, पण घामाने कपड्यांवर काळे डाग पाडतो. शिवाय पट्टा गुंडाळून बेसवरच ठेवून दिला तर रबरामुळे काही प्रकारचं लॅकर मऊ होऊन चिकट पडतं.

अंगावर काय आहे तेही बघा. सुती सदऱ्यावर नीट राहणारा पट्टा कोशाच्या कुर्त्यावर किंवा टिकल्यांच्या कोटावर सरकतो. पट्टा तपासायचा तर रंगमंचावरच्या कपड्यातच तपासा.

प्रश्न : माझा बेस दोन टोकदार शिंगांच्या एसजी आकाराचा आहे. नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज ३४ इंच, वजन ४ किलो. पट्ट्याचं बटण पाठीमागे, नेक जोडली आहे तिथे, साधारण १७व्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) रेषेत. चामड्याचा रुंद पट्टा घेतला, काही फरक नाही. बटण शिंगावर हलवलं तर चालेल का? आवाज बिघडेल का?
— वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

हलवा. आवाजावर काहीही परिणाम होत नाही.

या आकाराची ही जुनीच खोड आहे. गिब्सनने १९६१ च्या सुमारास ईबी-३ हा बेस याच धाटणीत काढला. त्याची बॉडी पातळ आणि हलकी, शिंगं आखूड, त्यामुळे बटण जोडापाशी गेलं. गिब्सनचे मूळ बेस निदान आखूड स्केलचे, म्हणजे नट ते ब्रिज साधारण साडेतीस इंचांचे होते. त्यांची ३४ इंची नक्कल केली की नेक आणखी लांब आणि तक्रार आणखी मोठी. याउलट १९५१ च्या फेंडर प्रिसिजन बेसचं वरचं शिंग १२व्या फ्रेटपर्यंत ओढलेलं आहे. ते शोभेसाठी नाही, तोलासाठी आहे.

तुमच्याच मापांनी हिशेब करू. ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर. नटपासून १७वा फ्रेट ५४० मिलिमीटरवर आणि १४वा ४७९ वर येतो. तुमचं शिंग १४व्या फ्रेटच्या रेषेपर्यंत जात असेल तर बटण ६ सेंटिमीटर पुढे सरकेल. ४ किलोच्या वाद्याला ६ सेंटिमीटर म्हणजे २४,००० ग्रॅम-सेंटिमीटरचा फरक. बटण न हलवता हाच फरक शेपटाला वजन बांधून मिळवायचा, तर शेपटाचं बटण जुन्या जागेपासून साडेअडतीस सेंटिमीटरवर धरून ६०० ग्रॅमहून जास्त वजन लागेल. एका स्क्रूने ते वाचतं. दुसरा फायदा असा की पूर्ण वाद्य तेवढंच तुमच्या उजवीकडे सरकतं आणि पहिल्या फ्रेटपर्यंत हात ताणावा लागत नाही.

कृती अशी. शिंगाच्या टोकावर कडेची जाडी मोजा. एसजीच्या कडा तासून उतरत्या केलेल्या असतात. स्क्रूच्या जागी निदान १८ मिलिमीटर जाडी मिळत असेल तर बटण कडेवर, जाडीच्या मधोमध लावा. तेवढी मिळत नसेल तर शिंगाच्या पाठीवर, टोकापासून अडीच सेंटिमीटर आत. पाठीवर लावताना स्क्रूचा लाकडात जाणारा भाग बॉडीच्या जाडीपेक्षा निदान ८ मिलिमीटर कमी हवा, नाहीतर तो पुढून डोकावतो.

जागेवर चिकटपट्टी लावा आणि तिच्यावरच खूण करा. ड्रिलची बिट स्क्रूच्या आट्यांच्या आतल्या गाभ्याएवढी घ्या : बटणाच्या नेहमीच्या स्क्रूला हलक्या लाकडात अडीच मिलिमीटर, महोगनीसारख्या घट्ट लाकडात तीन. बिटवर खोलीच्या मापाने टेप गुंडाळा. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवून फक्त रंगाचा थर खरवडा, मग सरळ फिरवून भोक पाडा; थेट सरळ घातलं तर रंगाचे टवके उडतात. स्क्रूच्या आट्या कपड्याच्या साबणावर घासा आणि स्क्रू हातानेच पिळा. मध्येच जड जाऊ लागला तर जोर लावू नका. बाहेर काढा, भोक जरा मोठं करा. शिंग चिरतं ते याच क्षणी, आणि चिरलेलं शिंग पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. बटणाखाली चामड्याची किंवा नमद्याची चकती घाला.

जुन्या भोकात बांबूच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून ठोका, एक दिवस वाळू द्या आणि कडेला सपाट कापा.

काही दुकानांत नेकच्या पत्र्याच्या चार स्क्रूंपैकी एक काढून तिथे बटणासकट लांब स्क्रू लावून देतात. भोक पाडावं लागत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, पण त्याने बटण आणखी मागे जातं आणि नेक आधीपेक्षा जास्त पडते.

प्रश्न : बेसच्या मागच्या खोबणीत शिसं वितळवून ओतावं असा विचार आहे. किती ओतावं?
— वाचक, साकोली (जि. भंडारा)

एक थेंबही ओतू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्या उष्णतेत लाकूड करपेल, वायरी जळतील आणि धूर तुमच्या छातीत जाईल. घरात, चुलीवर शिसं वितळवूच नये. लहान मुलं असतील तर अजिबात नाही.

वजन लावायचंच असेल तर ते किती हवं हे आधी तपासा. वरच्या बटणाला मजबूत सुतळी बांधून बेस दाराच्या चौकटीला किंवा घराच्या आढ्याला टांगा, खाली गादी ठेवा. तोलाची खूण वरच्या बटणाच्या पुढे असेल तर नेक खाली जाईल. आता शेपटाच्या बटणाला प्लास्टिकची पिशवी अडकवा आणि नेक आडवी होईपर्यंत तिच्यात तुरीची डाळ घालत जा. पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. जो आकडा येईल तो किमान. त्यात ५० ते १०० ग्रॅम वाढवले आणि पट्टा चांगला असला तर बेस अंगावर राहतो. लाकूड न कोरता, एक रुपया न घालवता मिळालेला हा आकडा बाकी सगळ्या अंदाजांपेक्षा खरा.

आकडा ३०० च्या वर गेला तर थांबा. खांद्यावरचं ओझं वाढवून तोल साधणं हा शेवटचा उपाय. बंडी उलार झाली तर कोणी पुढे दगड भरत नाही, मागचं पोतं पुढे सरकवतात. आधी बटणाची जागा आणि खुंट्यांचं वजन बघा, उरलेलं शिशाने भरा.

तुमच्या जिल्ह्यात तळी भरपूर आहेत, तेव्हा मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे जाळ्याला लावायचं शिसं सहज मिळेल. नाहीतर टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगची चिकट वजनं मागा. ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी येते, हवी तेवढी तोडता येते. यातली बरीच आता लोखंडी असतात. तीही चालतील, फक्त पिकअपपासून (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांपासून) लांब ठेवा. जागा फार लागत नाही : २५० ग्रॅम शिसं म्हणजे २२ घनसेंटिमीटर, काडेपेटीच्या आसपास.

आधी एका कार्यक्रमापुरती कापडाची छोटी थैली शिवून ती शेपटाच्या बटणालाच घट्ट बांधा आणि वाजवून बघा. पटलं तरच आत बसवा. खोबणीत बसवताना वजन शेपटाकडच्या भिंतीला टेकलं पाहिजे. पॉट्सच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांच्या) बाजूला, नेककडे सरकलेलं वजन कमी काम करतं. प्रत्येक तुकडा आधी वायरिंगच्या टेपने पूर्ण गुंडाळा, नाहीतर जॅकच्या तारेला टेकून आवाजच बंद होईल. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि बेस गाडीत राहिला की गोंद पाघळतो आणि वजन आत खुळखुळायला लागतं. वरून पत्र्याची पट्टी टाकून दोन छोटे स्क्रू मारा. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुऊन मगच खर्रा-पान किंवा जेवण.

प्रश्न : हलक्या खुंट्या लावल्याने खरंच फरक पडतो का? की विकणाऱ्यांची जाहिरात?
— वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

पडतो, आणि हिशेबाने पडतो. बेसवरच्या मोठ्या पानांच्या जुन्या धाटणीच्या खुंट्या बहुधा १०० ग्रॅमच्या आसपास भरतात. ॲल्युमिनियम वापरलेल्या हलक्या खुंट्या त्याच्या निम्म्यावर येतात. तुमची एक खुंटी काढून सोनाराच्या किंवा किराण्याच्या काट्यावर ठेवा, म्हणजे अंदाजावर राहायला नको. नवीन घेताना ज्याचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं नाही तो संच घेऊ नका. ‘लाइटवेट’ असं खोक्यावर छापायला पैसे पडत नाहीत.

एका खुंटीमागे ४५ ग्रॅम वाचले असं धरा. चौघींचे १८०. वरचं बटण १२व्या फ्रेटच्या रेषेत असेल तर खुंट्या तिथून साधारण ५४ सेंटिमीटरवर आणि शेपटाचं बटण ५० वर. म्हणजे डोक्याकडून काढलेले १८० ग्रॅम हे शेपटाला घातलेल्या १९५ ग्रॅमच्या बरोबरीचे. बेसचं वजन मात्र एका उपायाने १८० ग्रॅमनी कमी होतं आणि दुसऱ्याने १९५ ग्रॅमनी वाढतं. दारव्ह्याच्या वाचकांसारखं बटण १७व्या फ्रेटला असेल तर पारडं आणखी झुकतं : तिथे डोक्यावरचे १०० ग्रॅम शेपटाच्या १७० ग्रॅमना भारी पडतात.

फसगत होते ती भोकाच्या मापात. जुन्या धाटणीच्या खुंट्यांना हेडस्टॉकमध्ये साधारण साडेसतरा मिलिमीटरचं भोक असतं, बऱ्याच नव्या बेसवर १४ च्या आसपास. मागवण्यापूर्वी तार काढून, वरची बुशिंग (भोकात बसवलेली धातूची कडी) काढून भोक मोजा. बुशिंगचं बाहेरचं माप म्हणजे भोकाचं माप नव्हे. नवी खुंटी लहान आणि भोक मोठं असेल तर मधे भरणारी रिंग लागते. उलट असेल तर भोक रीमरने हाताने वाढवा. ड्रिल लावू नका, हेडस्टॉक फाटतो. जुन्या स्क्रूंची भोकं नव्या पाट्यांना जुळत नसतील तर काड्या-गोंद भरून नवी पाडा. चारही खुंट्या एका बाजूला आहेत की दोन-दोन, तेही विकणाऱ्याला कळवा. डाव्या-उजव्या खुंट्या वेगळ्या येतात.

पैसे एकदम जमत नसतील तर नटपासून सगळ्यात लांब असलेल्या दोन खुंट्या आधी बदला. दिसायला विजोड दिसेल, पण लांबच्या खुंट्या हलक्या झाल्याचा फायदा जास्त.

जड ब्रिज लावून तोल सुधारतो का, असंही याच वाचकांनी विचारलं आहे. थोडा. दीडशे-दोनशे ग्रॅम वाढतात, पण ब्रिज शेपटापेक्षा बटणाच्या जवळ असल्याने त्याचा जोर कमी पडतो. फक्त तोलासाठी ब्रिज बदलण्यात अर्थ नाही.

प्रश्न : गावातल्या सुताराकडून सागवानाची नवी बॉडी करून घेतो आहे. जड लाकडामुळे मान आपोआप वर राहील ना?
— वाचक, आर्वी (जि. वर्धा)

राहील, पण खांदा बसेल. बेसच्या बॉडीत साधारण साडेचार लिटर लाकूड असतं. सागवानाची घनता लिटरला ६५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसती बॉडी २.९ किलो, बासवुडसारख्या हलक्या लाकडात तीच १.९ किलो. हा जादा किलो पूर्ण बॉडीभर पसरतो, त्यामुळे त्याचं काम शेपटाला लावलेल्या सुमारे ६०० ग्रॅमइतकंच होतं. बाकीचं उगाच वाहायचं. त्यापेक्षा शिवण या झाडाची फळी घ्या. ती सागवानापेक्षा बरीच हलकी, कातायला सोपी आणि हवेने फार हलत नाही. फक्त पूर्ण वाळलेली फळी हवी. ओली घेतली तर ती पहिल्याच उन्हाळ्यात आक्रसते आणि नेकच्या खोबणीचं माप बिघडतं.

आणि सुताराला कागदावर आकार काढून देताना वरचं शिंग १२व्या फ्रेटच्या रेषेपर्यंत न्या, जमलं तर बोटभर पुढे. शिंगाच्या टोकाला लाकडाच्या शिरा आडव्या आल्या तर ते तिथूनच मोडतं, तेव्हा फळीच्या शिरा नेकच्या दिशेने लांबट जातील अशी फळी ठेवायला सांगा. कापण्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा आकार करून, त्याला जुनी नेक आणि ब्रिज टेपने चिकटवून आरशासमोर गळ्यात अडकवून बघा. पुठ्ठा वजन सांगणार नाही, पण पहिला फ्रेट हाताशी येतो का आणि शिंग छातीत रुततं का, हे तिथेच कळेल.